मैनेवरचा स्वार

घोडा कसा पारखावा हे सांगणारी माणसे पुण्यात पेठेगणिक सापडतात. दात पाहा, खूर पाहा, कपाळावरचा भोवरा पाहा, आणि इतके करून विकणाऱ्याचा चेहराही पाहा. पण घोड्यावर जो बसतो त्याची पारख कशी करावी, याबद्दल सगळे गप्प. त्याचे दात पाहायला जावे तर तो अंगावर येतो, आणि भोवरा पाहावा तर तो पागोट्याखाली असतो. ही अडचण माझ्यावर येईपर्यंत तिच्याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

मी सरकारच्या फडावर चंदीखात्यात कारकून आहे. कुठल्या पागेला किती हरभरा आणि किती वैरण गेली, हे लिहायचे माझे काम. तेवढ्यावरून आमच्या बुधवार पेठेने असा ग्रह करून घेतला आहे की दीनानाथपंतांना घोड्यातले कळते. सरकारची सगळी पागा माझ्या लेखणीखालून गेली असेल. माझ्याखालून एकही घोडे गेलेले नाही. लग्नाच्या वरातीत बसलो होतो तेवढाच, पण ते कोणी धरत नाही. त्या दिवशी माणूस घोडीवर बसलेला नसतो, बसवलेला असतो.

तर आमचा मेहुणा श्रीनिवास. मथुरा लग्न होऊन माझ्या घरी आली, तिच्यामागोमाग तिचा धाकटा भाऊही आला, कारण त्यांना आई नव्हती आणि वडील काशीला जे गेले ते गेलेच. आमच्याच माजघरात तो वाढला. त्याची धुळाक्षरे मी गिरवून घेतली. अक्षर अजून वाईट आहे, पण तो दोष त्याच्या हाताचा. गेल्या साली तो सासवडला मामांकडे गेला आणि यंदा पावसाळा सरता सरता परत आला तो मिशी, तलवार आणि एक पांढरी घोडी घेऊन. घोडीचे नाव मैना.

"भाऊजी, दसऱ्याला फौज कर्नाटकात निघते आहे," दारातूनच तो म्हणाला. "मी शिलेदार होणार. घोडी आपली, हत्यार आपलं, आपण कोणाचे मिंधे नाही."

मथुरेने त्याला आत घेतले. त्याच्यापुढे पान वाढले, तो जेवून उठेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसली, आणि मग माझ्याकडे वळली.

"अहो, मला घोड्यातलं कळत नाही. तुम्हाला कळतं. तुम्ही त्याला घोडीवर बसलेला पाहा. मांड पक्की आहे म्हणालात तर मी त्याला स्वतः ओवाळून पाठवीन. कच्ची आहे म्हणालात तर उंबऱ्यात आडवी पडेन. पण जे सांगाल ते खरं सांगा. मला दुसरा भाऊ नाही."

तेव्हापासून मी एकच हिशेब मांडीत होतो. पोर कच्चे निघाले आणि तुंगभद्रेच्या काठी कुठे घोडीवरून पडले, तर ती बातमी या घरात मलाच सांगावी लागणार. ती मी कशी सांगेन, हे मी मनातल्या मनात जुळवून पाही आणि प्रत्येक वेळी मध्येच थांबे. त्यात भर म्हणून सरकारचा नियम. नव्या शिलेदाराला एक जामीन लागतो, आणि हजिरीच्या दिवशी, म्हणजे निघण्यापूर्वी स्वारांची पाहणी होते तेव्हा, शिलेदार कच्चा ठरला तर जामिनाने दुसरा स्वार द्यावा, नाहीतर स्वतः घोड्यावर बसावे. हा नियम ज्याने केला त्याला मेहुणा नसावा.

बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. पहिला आला गेनबा. हा पूर्वी पागेत बारगीर होता, म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. आता त्याचे पुढचे दोन दात आणि नोकरी दोन्ही नाहीत.

"पंत, चढताना समदेच ब्येस दिसत्यात," तो म्हणाला. "उतरताना बघा. ज्याला उतरता येतंय त्यो स्वार."

समोरच्या घरातल्या सरुबाई जन्मात कुठल्या घोड्याजवळ गेलेल्या नाहीत, पण त्यांचे मत विषयाच्या आधी तयार असते. त्या ओटीवरून म्हणाल्या, "घोडीवर कसा बसतो ते काय बघायचं? जमिनीवर कसा चालतो ते बघा. खऱ्या स्वाराचे पाय फाकलेले असतात. हा आपला नवऱ्यामुलासारखा पावलं मोजीत चालतो." खालच्या आळीतल्या शास्त्रीबुवांनी पत्रिका मागितली. स्वाराची नव्हे, घोडीची.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पारखीला आरंभ केला. श्रीनिवासने मैनेला दारापुढे उभी केली. काय ती घोडी! कानसुद्धा हलवला नाही. तो टांग टाकून वर बसला, मिशीवरून हात फिरवला आणि समोर पाहू लागला. मला तर तो बरा दिसला. पण गेनबाचे शब्द मी विसरलो नव्हतो.

"आता उतर पाहू," मी म्हणालो.

"भाऊजी," तो वरूनच म्हणाला, "शिलेदार विनाकारण उतरत नाही."

उत्तर इतके मर्दानी होते की मीच वरमलो. मग म्हटले, जरा भरधाव सोडून दाखव. तर म्हणाला, "पेठेत घोडा भरधाव सोडायला सरकारची मनाई आहे." ज्याला नियम पाठ आहे त्याच्याबद्दल कारकुनाचे मत आपोआप चांगले होते. माझेही झाले.

पण मथुरेला नियम सांगून भागणार नव्हते. म्हणून मी त्याला भर बाजारातून घेऊन निघालो. तो पुढे घोडीवर, मी मागे पायी. चालता चालता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. ज्या ज्या दारात बाईमाणूस उभे असे, त्या त्या दारापुढे मैना थांबे, मान खाली करी, क्षणभर वाट पाही आणि पुढे निघे.

"मीच थांबवतो," श्रीनिवास म्हणाला. "बायाबापड्यांच्या पुढून घोडी दामटू नये."

असा लगाम आणि असे संस्कार! संस्कार अर्थातच आमच्या घरचे. मी बाजारात दोघातिघांना ते बोलूनही दाखवले.

कात्रजच्या तळ्याचे पाणी ज्या हौदात येते त्या हौदापाशी आम्ही पोचलो, आणि तिथे कोणाच्या तरी नवसाची मिरवणूक आडवी आली. ढोल, ताशा, शिंग, सगळे एकदम सुरू. एका सावकाराचे उंची घोडे दोन पायांवर उभे राहिले. एक बैल गाडीसकट उलटा फिरला. त्या गाडीला चुकवताना मी मागे सरलो आणि कुंभाराने मांडून ठेवलेल्या माठांत बसलो. एका माठात नव्हे, तीन-चारांत मिळून. त्या खापरांतून मान वर काढून पाहतो तो काय, मैना ढोलाच्या ठेक्यावर एकेक पाऊल टाकीत त्या गदारोळातून चालली आहे आणि श्रीनिवास तिच्यावर ताठ बसला आहे. माझे डोळे भरून आले. थोडे धुळीने आले असतील, पण बरेचसे अभिमानाने.

घरी जाऊन मी मथुरेला सांगितले, "मांड पक्की आहे."

ती माझ्या धोतरातली खापरे वेचीत होती. तिने हात थांबवला. "नक्की?"

"नक्की."

तिने वेचलेली खापरे कोपऱ्यात ठेवली. आत गेली आणि दसऱ्याच्या ओवाळणीसाठी तबक घासायला काढले. ते घासण्याचा आवाज मला आवडला नाही.

जामीन राहायला हजिरीच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने मला ओळख दाखवली नाही, कारण तो मला चांगला ओळखतो.

"स्वार पक्का आहे म्हणता?"

"मी स्वतः पाहिला."

"तुम्हाला त्यातलं कळतं, याला जामीन कोण?"

मी गेनबाला आणले. पागेत होता, पडलेल्या दातांची साक्ष होती. कारकुनाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "हा गेनबा भरवशाचा आहे, याला जामीन कोण?" कोणीतरी नोंदलेला शिलेदार हवा, असा नियम निघाला. ओळखीचा शिलेदार एकच. तेव्हा श्रीनिवास गेनबाला जामीन राहिला, गेनबा मला आणि मी श्रीनिवासला. कारकुनाने तिघांकडे पाहिले आणि "आता कसं नियमात बसलं" म्हणून शिक्का उमटवला.

हजिरीच्या आदल्या दिवशी सिराज आमच्या दारावरून चालला होता. लग्नकार्यासाठी घोडी पुरवणारा सिराज सगळ्या पेठांना ठाऊक आहे. खुंट्याला बांधलेली मैना पाहून तो जागीच थांबला.

"या अल्ला! मैना!"

मैनेने त्याच्या खांद्यावर नाक टेकले. अशी सलगी तिने आमच्या घरात कोणाशी केली नव्हती.

"पंत, ही तुमच्याकडे कशी? सासवडच्या बाजारात विकली होती मी. वय झालं, म्हटलं आता कुठंतरी निवांत खाऊन राहील."

"निवांत? उद्या हजिरी आहे तिची. दसऱ्याला फौजेबरोबर जाते आहे."

सिराज आधी हसला. मग माझा चेहरा पाहून त्याने हसणे आवरले. "पंत, ही घोडी जन्मात धावलेली नाही. धावली तर नवरदेव पडतो, आणि माझा धंदा बसतो. वाजंत्री वाजली की चालायचं, दारात सुवासिनी दिसली की ओवाळून घ्यायला थांबायचं, एवढंच हिला शिकवलं. निम्म्या पुण्याची वरात हिनं घरी पोचवली आहे." तिच्या मानेवरून हात फिरवीत तो म्हणाला, "तुमचीसुद्धा. विसरलात? कोवळी होती तेव्हा. तुम्ही आयाळ धरून बसला होता."

मी खाली बसलो. माठ नव्हते, म्हणून जमिनीवर बसलो. ज्याला मी स्वाराची मांड समजलो तो घोडीचा अनुभव होता. बाजारात मी श्रीनिवासची परीक्षा घेतली आणि तीत खरी ठरली मैना!

अजून आशा होती. श्रीनिवासला धरून सिराजच्या तबेल्यात नेले आणि एका साध्या तट्टावर बसवले. तट्टाने शेपटी हलवली आणि दोन पावले टाकली. श्रीनिवास लिदीत होता.

"भाऊजी, मैना असं करत नाही," तो तिथूनच म्हणाला. "ती मी म्हणेन तिकडे जाते."

"तू तिला काय म्हणतोस?"

त्याने बाहीवरची लीद झटकली. "जायला लागली की म्हणतो, चल."

तो खोटे बोलत नव्हता, हेच मला सोसवेना. त्याला खरोखरच वाटत होते की आपण घोडी चालवतो. पुसायला उपरणे दिले तर ते हातात धरून तसाच बसून राहिला. "अक्काला काय सांगायचं?" असे त्याने विचारले आणि रडू नये म्हणून मिशी चावली. हे पोर दसऱ्याला निघाले असते आणि मी, मी मथुरेला "नक्की" म्हटले होते!

तसाच उठून कचेरीत गेलो आणि जामिनकी सोडतो म्हणालो.

"सुटत नाही," कारकून म्हणाला. "तुम्ही सुटलात तर शिलेदार राहत नाही. शिलेदार राहिला नाही तर गेनबाचा जामीन जातो. गेनबा गेला तर तुमचं म्हणणं आम्ही ऐकायचं कशाला?"

"मग तिघांना एकदम सोडा."

"एकदम सोडायचं तर चौथा जामीन लागेल. तुमच्या पाहण्यात कोणी आहे?"

हजिरीला निघताना मथुरेने दारात पुन्हा विचारले, "नक्की ना?" मी पायांतले जोडे नीट करीत बसलो. ते अगोदरच नीट होते. मनात ठरवले की आधी हजिरी घेणाऱ्या दारोगांचे पाय धरायचे, पोराला सोडवायचे, मग घरी येऊन हिचे ऐकून घ्यायचे.

नदीपलीकडे भांबुर्ड्याच्या माळावर हजिरी होती. घेणारे दारोगा मच्छिंद्रराव. पांढऱ्या गलमिशा, आणि शब्द मोजून देणारा माणूस. मी गर्दीतून वाट काढीत त्यांच्याकडे निघालो तोच नगारा झडला. रांगेतली घोडी बिथरली; कोणी खिंकाळले, कोणी स्वाराला घेऊन ओढ्यात उतरले. एकटी मैना ठेक्यात पावले टाकीत रांगेबाहेर आली, थेट मच्छिंद्ररावांपुढे जाऊन उभी राहिली आणि मान खाली करून वाट पाहू लागली.

मच्छिंद्ररावांनी श्रीनिवासकडे पाहिलेही नाही. घोडीभोवती एक फेरी मारली. "उतर."

"शिलेदार विनाकारण—"

"कारण मी सांगतोय."

श्रीनिवास उतरला. म्हणजे त्याचा एक पाय उतरला. दुसरा रिकिबीत अडकला आणि मैनेच्या पोटाशी तो एका पायावर उड्या मारीत राहिला आणि शेवटी गुडघ्यावर आपटला. "म्या म्हनलो हुतो, उतरताना बघा," गेनबा माझ्या कानाशी म्हणाला.

"जामीन कोण?"

"मी, दीनानाथ," मी पुढे झालो. "चंदीखात्यात असतो."

"पोर कच्चं आहे, ठाऊक होतं?"

"कालपासून."

"त्याआधी?"

"त्याआधी पक्का होता."

मच्छिंद्ररावांची गलमिशी किंचित हलली. "नियम ठाऊक आहे ना? दुसरा स्वार द्या, नाहीतर बसा."

मी गेनबाकडे पाहिले. गेनबा आभाळात घार शोधत होता. श्रीनिवास पुढे आला आणि म्हणाला, "नको भाऊजी, मीच पुन्हा बसतो." त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होते. ते पाहिले आणि मला काय झाले कोण जाणे, मी रिकिबीला हात घातला. उरलेले काम गेनबा आणि श्रीनिवास यांनी केले. म्हणजे त्याही दिवशी मी बसवलेलाच.

वरून जमीन फार लांब दिसते. मी लगाम सोडून दिला आणि दोन्ही हातांनी आयाळ धरली. नगारा पुन्हा झडला, आणि मैना निघाली. रांगेकडे नव्हे, नदीकडे.

"जामीन पळाला!" कोणीतरी ओरडले. पायी चालणारी म्हातारी मला मागे टाकून जात होती, तरी ओरडले. मच्छिंद्रराव घोड्यावर बसून मागे निघाले. दारोगा निघाले म्हणून नगारेवाला निघाला, आणि नगारा मागे आहे म्हणून मैना थांबेना. मी हात करून त्याला थांबवावे, तर हात सोडायची छाती नव्हती. नदीच्या उतारातून, ओल्या धोतराने, आम्ही बुधवारात शिरलो. पोरे मिळाली, रिकामटेकडे मिळाले. सरुबाईंच्या दारात मैना थांबली आणि तिने मान खाली केली.

"अगं बाई," सरुबाई म्हणाल्या, "पंतांनी दुसरं केलं की काय?"

पुढचे दार आमचे. तिथे मात्र मैना अशी उभी राहिली की मुक्काम आला. नगारा ऐकून मथुरा बाहेर आली. हातात काय आहे याचे तिला भान नसावे. घासून लख्ख केलेले तबक तसेच घेऊन आली होती. तिने घोडीवर मला पाहिले आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"श्रीनिवास कुठाय?"

"मागे आहे," मी वरून म्हणालो. "गुडघा फुटलाय, बाकी धड आहे. मथुरे, मी चुकीचं सांगितलं. तो कच्चा आहे. मला घोड्यातलं काही कळत नाही."

तेवढ्यात तो लंगडत गर्दीतून पुढे आला. मथुरेने तबक एका हातात धरले आणि दुसऱ्या हाताने त्याचे डोके, खांदे, हात चाचपून पाहिले. मग सगळ्या पेठेदेखत मोठ्याने रडली. मैना मान खाली घालून आपल्या टिळ्याची वाट पाहत होती.

मच्छिंद्रराव आपल्या घोड्यावरून उतरले. उतरले म्हणजे नुसते जमिनीवर असलेले दिसले. त्यांनी मैनेच्या मानेवर थाप मारली.

"घोडी सरकारात ठेवतो. नव्या घोड्यांना नगाऱ्याची सवय लावायला अशी दुसरी मिळायची नाही. पोरगा हिच्याबरोबर पागेत राहील, इथंच पुण्यात. वर्षभर पडू दे, मग बघू."

"आणि मी?" मी विचारले.

"तुम्ही लिहा," ते म्हणाले आणि गेले. मागोमाग नगाराही गेला.

गर्दी पांगली. श्रीनिवास हळद लावून घ्यायला आत गेला. मी अजून वरच होतो, कारण उतरायचे कसे हे मला कोणी सांगितले नव्हते. मथुरेने डोळे पुसले, आतून पाट आणून घोडीच्या पोटाशी ठेवला आणि माझ्या मुठींकडे पाहत उभी राहिली. त्यांत अजून आयाळ होती.

"वरातीतसुद्धा असेच बसला होता," ती म्हणाली. "मी बाजूच्या मेण्यातून पाहत होते. मांड कच्ची, हे तेव्हाच ओळखलं."

मला फार लागले. "मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"काय बोलायचं? त्या दिवशी वाजंत्री केवढी वाजत होती, चेहरा भीतीनं पार उतरला होता," ती मैनेला कुंकू लावीत म्हणाली, "पण घरापर्यंत आयाळ सोडली नव्हतीत. उतरा आता, मी धरते."